सुपरहिरोंची मोट बांधलेला सिनेमा पाहावा कसा, तोलावा कसा

एकट्या सुपरहिरोचा सिनेमा आणि पाच-सहा सुपरहिरोंना एकत्र आणणारा सिनेमा, यांना एकच मापपट्टी लावून चालत नाही. एकट्याच्या सिनेमात त्याचं दुःख, त्याची शक्ती आणि त्याचा शत्रू एवढं पाहिलं की झालं. टीम-अप सिनेमात मात्र प्रत्येकजण आपापल्या घरचा नायक असतो आणि इथे त्याला सरकून दुसऱ्याला जागा करून द्यायची असते. ती जागा कोणाला मिळाली, कशी मिळाली, कोणाच्या वाट्याला नुसतंच उभं राहणं आलं, यावर सिनेमा जमतो किंवा फसतो. माझं ठाम मत असं, की अशा सिनेमाची ताकद शोधायची तर लढाईच्या आधी हे लोक एकमेकांशी कसे भांडतात ते पाहावं. आणि कमजोरी बहुतेक वेळा सापडते ती ते ज्यांच्याशी लढतात त्यांच्यात.

हे कसं तपासायचं ते टप्प्याटप्प्याने सांगतो. उदाहरणाला जॉस व्हीडन दिग्दर्शित ‘द अव्हेंजर्स’ (२०१२) घेतलाय. गोष्ट थोडक्यात अशी: थॉरचा भाऊ लोकी आकाशात भोक पाडून चिटौरी नावाची परग्रहावरची फौज न्यूयॉर्कवर सोडतो, आणि एका गुप्त संघटनेचा प्रमुख निक फ्युरी त्याच्याविरुद्ध सहा सुपरहिरोंना एकत्र आणतो. १४३ मिनिटांच्या या सिनेमाने जगभरात दीड अब्ज डॉलरच्या वर कमाई केली आणि सुपरहिरोंची मोट बांधून मोठा सिनेमा उभा राहू शकतो, हे सगळ्या स्टुडिओंना दिसलं. त्यातलं जे उत्तम आहे तेही ठळक आहे आणि जे कच्चं आहे तेही. शिकायला याहून सोयीचा सिनेमा नाही.

पहिला टप्पा: मागचं काही न पाहता सिनेमा कळतो का?

‘अव्हेंजर्स’च्या आधी चार वर्षांत पाच सिनेमे येऊन गेले होते: २००८ मध्ये ‘आयर्न मॅन’ आणि ‘द इन्क्रेडिबल हल्क’, २०१० मध्ये ‘आयर्न मॅन २’, २०११ मध्ये ‘थॉर’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’. तुम्ही हे पाचही पाहिले असतील तर तुमचं मन रिकाम्या जागा आपोआप भरत जातं आणि सिनेमाने काय सांगितलं, काय गृहीत धरलं, हे तुम्हाला कळतच नाही. म्हणून शक्य असेल तर यातलं काही न पाहिलेल्या माणसाला शेजारी बसवा. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा, पण तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. पुढच्या दहा मिनिटांत सिनेमाने उत्तर दिलं तर ठीक. नाही दिलं, तर ती उणीव सिनेमाची.

ही कसोटी ‘अव्हेंजर्स’ बऱ्यापैकी पार करतो. स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) व्यायामशाळेत एकटा सँडबॅगवर ठोसे मारतोय, मधेच युद्धाचे आणि बर्फाचे तुकडे त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. झाली ओळख. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) स्वतःच्या नावाच्या टॉवरला दिवे लावतोय, म्हणजे पैसा, बुद्धी आणि मिरवायची हौस एका झटक्यात समजली. थॉरचं मात्र घाईघाईने उरकलंय. त्याच्या सिनेमाच्या शेवटी पृथ्वीवर यायचा पूल तुटलेला असतो. इथे तो विजांच्या कडकडाटात अवतरतो आणि कसा आला याचा खुलासा एका वाक्यात होतो. मागचा ‘थॉर’ न पाहिलेल्याला ते वाक्य कळत नाही, पाहिलेल्याला पटत नाही.

रागावला की हल्क होणाऱ्या ब्रूस बॅनरची ओळख करून देणारा प्रसंग कोलकात्यात घडतो. चित्रीकरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत झालंय आणि पडद्यावर कोलकाता म्हणून दिसते ती फक्त गरिबी, रोगराई आणि अंधाऱ्या गल्ल्या. भारतीय प्रेक्षक म्हणून हे खटकतं आणि खटकायलाच हवं. कमजोऱ्यांच्या यादीत ते निःसंकोच लिहा. पण त्याच प्रसंगातली मांडणी बघा. नताशा (ब्लॅक विडो) बॅनरला गावाबाहेरच्या झोपडीत एकटं गाठते, शांतपणे बोलते, आपण एकटेच आहोत असं सांगते. बॅनर अचानक टेबलावर हात आपटून ओरडतो. ती क्षणात पिस्तूल रोखते. तो हसून सांगतो की ती काय करते ते फक्त बघायचं होतं. मग कळतं की बाहेर बंदूकधारी वेढा घालून बसलेत. हल्क पडद्यावर यायला अजून बराच अवकाश आहे, पण बॅनरचा कोणावर विश्वास नाही आणि नताशासारखी बाईसुद्धा त्याला टरकून आहे, हे एवढ्याशा प्रसंगात पक्कं होतं. एकाच प्रसंगात ताकद आणि उणीव अशी दोन्ही सापडतात, तेव्हा दोन्ही लिहायची.

दुसरा टप्पा: जोड्या मोजा

हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, त्यामुळे इथे जरा थांबतो.

कागदावर सहाही जणांची नावं लिहा: आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक विडो, हॉकआय. सहा माणसांच्या पंधरा जोड्या होतात. कोणताही सिनेमा पंधरा जोड्यांना न्याय देऊ शकत नाही आणि द्यायची गरजही नाही. दिग्दर्शकाने कोणत्या जोड्या निवडल्या, त्या जोडीत सिनेमाच्या सुरुवातीला काय होतं आणि शेवटी काय उरलं, एवढं प्रत्येकीपुढे एका ओळीत लिहायचं. ज्या जोडीपुढे काहीच लिहिता येत नाही ती कोरी सोडा.

‘अव्हेंजर्स’मध्ये स्टार्क आणि बॅनर ही जोडी पाहा. बाकी सगळे बॅनरभोवती जपून पावलं टाकतात. स्टार्क प्रयोगशाळेत आल्या आल्या त्याला विजेचा छोटा झटका देऊन बघतो. कॅप्टन भडकतो. पण तिथे स्टार्कने पहिल्यांदा बॅनरला बॉम्बसारखं न वागवता माणसासारखं वागवलेलं असतं. नंतर तो त्याला स्वतःच्या छातीतल्या यंत्राबद्दल सांगतो आणि सुचवतो की ज्याला तू शाप समजतोस त्यानेच कदाचित तुझा जीव वाचवला असेल. पुढे न्यूयॉर्कमध्ये सगळं पेटलेलं असताना बॅनर एका खटारा मोटरसायकलवरून येतो, तेव्हा तो येणार याची खात्री एकट्या स्टार्कला असते. आणि शेवटी आकाशातून निपचित पडणाऱ्या स्टार्कला झेलतो तो हल्कच. संपूर्ण सिनेमात या दोघांच्या वाट्याला मोजकी मिनिटं आलीत, पण त्यांची एक अख्खी गोष्ट होते. अशी एक जरी जोडी सापडली तरी समजा की लेखकाने काम केलंय.

थॉर आणि हल्क यांची जोडी याहून कमी शब्दांत बांधलीय. विमानवाहू जहाजात एकमेकांना बडवतात, न्यूयॉर्कमध्ये खांद्याला खांदा लावून एका अजस्र प्राण्याला लोळवतात, रेल्वे स्टेशनात शेजारी शेजारी दम खात उभे राहतात आणि हल्क न बघता थॉरला एक ठोसा ठेवून देतो. थिएटरमध्ये हमखास हशा पिकायचा, कारण आधीचा हिशेब प्रेक्षकांच्या लक्षात असतो.

आता कोऱ्या जागा. हॉकआयचं बॅनरशी, थॉरशी काय नातं? काहीच नाही. स्टार्कशी एखाद-दुसरं वाक्य. नताशा सोडली तर त्याच्या नावापुढच्या बहुतेक ओळी कोऱ्या राहतात. हे पुढच्या टप्प्यात कामी येईल.

हिरोंची संख्या वाढली की ही अडचण कशी फुगते तेही बघून ठेवा. ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’च्या (२०१६) विमानतळावरच्या लढाईत दोन्ही बाजूंना सहा-सहा, म्हणजे बारा जण आहेत, त्यांच्या जोड्या होतात सहासष्ट. म्हणून तिथे दोन गट पाडून प्रश्न सोपा केला. ‘अव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) तर सगळ्यांना तीन-चार टोळ्यांत विभागून वेगवेगळ्या ठिकाणी पाठवलं. भाऊगर्दी हाताळायची ही चांगली युक्ती आहे. फक्त गट पाडताना नवी, अनपेक्षित माणसं एकत्र आलीत का ते पाहायचं. थॉर आणि बोलणारा रॅकून एकत्र आले तेव्हा थॉरचं दुःख पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

तिसरा टप्पा: मोठं भांडण शोधा आणि त्याचं बिल कुठे फेडलं ते पाहा

प्रत्येक टीम-अप सिनेमात सगळे एका खोलीत जमतात आणि वाद पेटतो. तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहा, एकदा आवाज बंद करूनसुद्धा.

‘अव्हेंजर्स’मध्ये तो जहाजावरच्या प्रयोगशाळेत घडतो. निक फ्युरी टेसरॅक्ट या अफाट ऊर्जेच्या परग्रही ठोकळ्यापासून शस्त्रं बनवतोय हे उघड झालेलं असतं. फ्युरी बोट दाखवतो थॉरकडे: तुम्ही परग्रहावरून आलात, गाव उद्ध्वस्त झालं, म्हणून आम्हाला शस्त्रं लागली. थॉर उलटतो. स्टार्क आणि कॅप्टन एकमेकांच्या अंगावर येतात. कॅप्टन त्याला सुनावतो की चिलखत उतरवलं तर तू कोण, आणि दुसऱ्यांसाठी स्वतःचा जीव टाकणाऱ्यातला तू नाहीस. बॅनर सांगतो की त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता आणि तेही जमलं नाही. बोलता बोलता लोकीचा राजदंड त्याच्या हातात आलेला असतो आणि त्याचं त्यालाच भान नसतं. त्याआधी कॅमेरा उलटा होऊन तो दंड आणि मागे भांडणारी माणसं एका चौकटीत दाखवतो. प्रत्येकाचा आरोप खरा आहे आणि प्रत्येकजण चुकतोय, हे या प्रसंगाचं बळ आहे. कोणीही नुसतं भांडायचं म्हणून भांडत नाही.

आता बिल. शेवटी अणुबॉम्ब शहरावर येत असताना तो पाठीवर घेऊन आकाशातल्या भोकात शिरतो कोण? स्टार्क. कॅप्टनने केलेल्या आरोपाला त्याने दिलेलं हे उत्तर आहे. भाषण नाही, माफीनामा नाही. तुमच्या वहीत भांडणातला प्रत्येक आरोप डाव्या बाजूला आणि त्याचं उत्तर उजव्या बाजूला लिहा. फ्युरीच्या शस्त्रांच्या मुद्द्यापुढे उजवी बाजू रिकामी राहील. वाद नीट उकरून काढला आणि मग लढाईच्या गदारोळात सोडून दिला. ही खरी कमजोरी आहे, आणि टाळ्या-शिट्ट्यांच्या आवाजात ती सहज निसटते.

चौथा टप्पा: एकेकाला वगळून बघा

कल्पनेने एकेक पात्र काढून टाका आणि कथा चालते का ते तपासा. चालली, तर ती खोगीरभरती.

हॉकआय इथे अडकतो. सुरुवातीलाच लोकी त्याला वश करतो आणि अर्ध्याहून जास्त सिनेमा तो शत्रूच्या बाजूने, स्वतःच्या मनाविना वावरतो. जेरेमी रेनरसारखा नट हाताशी असून त्याला व्यक्तिमत्त्व मिळतं ते उशिरा, तेही थोडं.

नताशा उलट. तिच्याकडे ना उडायची शक्ती, ना जादू. पण लोकीसमोर रडवेली होऊन ती त्याच्याकडून त्याचा डाव काढून घेते, आणि शेवटी आकाशातलं भोक बंद करते तीच. स्कार्लेट जोहान्सनचा एक क्लोज-अप मुद्दाम थांबवून बघा: हल्कने पाठलाग केल्यावर ती पाय जवळ घेऊन भिंतीला टेकून बसलीय, नजर शून्यात. तेवढ्यात कानातल्या यंत्रावर हॉकआयचा ठावठिकाणा येतो. ती एक क्षण घेते आणि उठते. या सिनेमात शौर्य कशाला म्हणायचं ते मला सर्वांत नीट इथे दिसतं. सहा जणांत बाई एकच, ही उणीव मात्र नोंदवायलाच हवी.

पाचवा टप्पा: खलनायक आणि त्याची फौज वेगवेगळी तोला

लोकी भक्कम आहे. टॉम हिडलस्टनचा अभिनय तर आहेच, पण लेखनातली सोयही मोठी: तो आधीच्या सिनेमात आलेला, थॉरचा भाऊ, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ जात नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या १९६३ च्या पहिल्या ‘अव्हेंजर्स’ कॉमिकमध्येही सुपरहिरो एकत्र येतात ते लोकीमुळेच. शिवाय तो या माणसांना मारण्यापेक्षा आपसांत फोडायला बघतो, म्हणजे त्याचा डाव थेट सिनेमाच्या गाभ्यावर येतो.

त्याची चिटौरी फौज मात्र पोकळ आहे. त्यांना काय हवंय कळत नाही, त्यांच्यातला एकही सैनिक लक्षात राहत नाही, आणि वर आकाशात त्यांचं मुख्य जहाज फुटताच सगळे जागच्या जागी कोसळतात. शेवटची लढाई जितकी लांब चालते तितकी ही पोकळी जाणवते. या जातीच्या सिनेमांचा हा जुनाट रोग आहे: नायक सहा असले की त्यांना मारायला शेकडो लागतात, शेकडो आले की त्यांना चेहरा उरत नाही. ‘इन्फिनिटी वॉर’ने यावर उपाय शोधला तो खलनायक थानोसला जवळजवळ मुख्य पात्र करून. तिथेही फौज बिनचेहऱ्याचीच आहे, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला काय हवंय, त्यासाठी तो काय गमावायला तयार आहे, हे आपल्याला ठाऊक असतं.

सहावा टप्पा: लढाई वाचायला शिका

तीन गोष्टी विचारा. कोण कुठे आहे ते कळतं का? प्रत्येकाला त्याच्या जोगं काम आहे का? आणि किंमत कोण मोजतं?

पहिल्या दोन्हींत ‘अव्हेंजर्स’ अव्वल आहे. कॅप्टन रस्त्यात उभा राहून कामं वाटतो: हॉकआय छतावर, स्टार्क कडेने, थॉर वर भोकापाशी वीज पाडायला, नताशा आणि तो स्वतः जमिनीवर, हल्कला मोकळं रान. त्या अर्ध्या मिनिटानंतर पुढची सगळी धुमश्चक्री आपल्याला नकाशासारखी दिसते. मग येतो तो न तुटणारा लांब शॉट, एका हिरोवरून दुसऱ्यावर घरंगळत जाणारा. आयर्न मॅन कॅप्टनच्या ढालीवर किरण मारतो आणि तो परावर्तित होऊन शत्रूला लागतो. एकाची शक्ती दुसऱ्याच्या शस्त्रातून जाते. टीम झाली हे सांगायला शब्द लागत नाहीत. चौकटीचा आकारही बघा: अशा भव्य सिनेमांत नेहमी दिसणाऱ्या आडव्या-रुंद चौकटीऐवजी इथे १.८५:१ ची उंच चौकट वापरली, म्हणजे हल्क आणि नताशा एकत्र मावतील.

तिसऱ्या प्रश्नावर सिनेमा लंगडा पडतो. इमारती कोसळतात, सामान्य माणसं थोडा वेळ दिसतात आणि विसरली जातात. तो हिशेब पुढे ‘सिव्हिल वॉर’मध्ये काढला गेला, पण तुम्ही तोलताय तो हा सिनेमा, त्याचा पुढचा भाग नव्हे. आणि हल्कचा घोळ वेगळा: जहाजावर तो नताशाच्या जिवावर उठतो, न्यूयॉर्कमध्ये हुकूम ऐकतो. मधे एक चटकदार वाक्य आहे की तो कायम रागातच असतो. वाक्य सुंदर आहे, पण स्पष्टीकरण म्हणून पुरत नाही.

जाता जाता: आपल्याकडे इंग्रजी सिनेमाला मध्यंतर थिएटरवाले घालतात, मूळ सिनेमात ते नसतं. वेग मंदावल्याची तक्रार लिहिण्याआधी ती मध्यंतराच्या तुकड्यामुळे तर आली नाही ना, ते घरी सलग पाहून खात्री करा. ‘अव्हेंजर्स’ची पहिली वीस-पंचवीस मिनिटं मात्र सलग पाहिली तरी जडच वाटतात.

सातवा टप्पा: लिहिताना पारडं कुठे झुकतं ते सांगा

चांगलं पाच, वाईट पाच अशी समसमान यादी करू नका. सगळ्या उणिवा सारख्या वजनाच्या नसतात. थॉरच्या येण्याचा अर्धवट खुलासा ही किरकोळ गोष्ट. बिनचेहऱ्याची फौज मोठी, कारण शेवटचा जवळपास अर्धा तास तिच्याशी लढण्यात जातो. माझ्या तागडीत ‘अव्हेंजर्स’चं पारडं चांगल्याकडे झुकतं, ते स्टार्क-बॅनर, नताशा आणि प्रयोगशाळेतल्या भांडणामुळे. चिटौरींना वगळून कोणतीही दुसरी फौज आणली तरी हा सिनेमा टिकेल. ते भांडण वगळलं तर टिकणार नाही.

सरावासाठी: एकच सिनेमा, दोन वेळा

हे सगळं हाताला बसवायचं तर ‘जस्टिस लीग’सारखी दुसरी संधी नाही. २०१७ मध्ये मुलीच्या निधनानंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर बाजूला झाला आणि उरलेलं काम व्हीडनने केलं. बरंच नव्याने चित्रित झालं आणि १२० मिनिटांचा सिनेमा आला. २०२१ मध्ये स्नायडरची स्वतःची आवृत्ती आली, २४२ मिनिटांची. कथेचा सांगाडा तोच, पात्रं तीच.

दोन्ही आवृत्त्यांसाठी वर सांगितलेला जोड्यांचा कागद वेगवेगळा करा. मग फक्त सायबॉर्गची, म्हणजे अर्धा माणूस अर्धा यंत्र असलेल्या सदस्याची, ओळ बघा. छोट्या आवृत्तीत त्याच्या आईचा अपघात, वडिलांवरचा राग, खेळाच्या मैदानातलं त्याचं आयुष्य जवळजवळ गायब आहे, त्यामुळे तो यंत्र चालवणारा एक सदस्य एवढाच उरतो. आणि शेवटी सुपरमॅन आल्यावर बाकीच्यांची गरजच संपल्यासारखी वाटते. मोठ्या आवृत्तीत शेवटची लढाई त्याच्या आणि फ्लॅशच्या खांद्यावर उभी आहे. ती लांबलचक आहे, स्लो मोशनचा सोस आहे, शेवटी उपसंहारांची रांग आहे, तेही लिहा. पण वगळून बघायची कसोटी दोन्हींवर लावा. छोट्या आवृत्तीतून सायबॉर्ग काढला तर त्याच्या जागी कोणतंही यंत्र चालेल. मोठीतून काढला तर काय उरतं, ते वहीत लिहूनच पुढचा सिनेमा लावा.